सूर संपेपर्यंत

गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा आवाज किती वेळ टिकतो, हे मी घड्याळ लावून मोजलेलं आहे. पंखा बंद, खिडकी बंद, बाहेर भाजीवाला नाही, शेजारी कुकर नाही, अशी वेळ साधली तर अकरा सेकंद. तार नवी असेल तर बारा. त्यानंतर आवाज खरंच आहे की आपल्याला नुसता वाटतोय, ते सांगता येत नाही. ही मोजामोज मी मोठ्या अभिमानाने केली होती आणि गिटार शिकवणाऱ्याला फोन करून कळवलीही होती. आता ते अकरा सेकंद मला नकोसे झाले आहेत.

संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. जळगावातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झालो. पिंप्राळ्यात आमचं घर आहे, घरामागे एक मंगल कार्यालय. लग्नसराईत तिथे डीजे लागला की आमच्या मांडणीवरची ताटं आपोआप वाजायला लागतात. छातीत धडधड होते ती आपली की त्या भोंग्यांची, हे कळत नाही. एकदा रागारागात भांडायला गेलो, तर नवरीच्या मामांनी मला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि आग्रह करकरून वरण-बट्टी वाढली. तोंडात घास असताना माणूस काय भांडणार! घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसत बसली. संगीत म्हणजे दुसऱ्याने आपल्या डोक्यावर केलेला अत्याचार, अशी माझी समजूत होती.

बायको धुळ्याजवळच्या एका खेड्यातली. तिची बोली अहिराणी. मी असोद्याचा, म्हणजे माझीही घरची बोली काही पुस्तकातली नव्हती. पण मास्तर झाल्यावर मी ती जिभेवरून खरवडून काढली होती, आणि जे आपण केलं ते बायकोनेही करावं असं मला वाटायचं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "पानी शे का माठमा?" मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हटलं, "आहे. पाणी आहे का माठात, असं म्हणायचं." तिने तसं म्हटलं. पुढे जेव्हा जेव्हा तिच्या तोंडून 'शे' निघालं, तेव्हा तेव्हा मी 'आहे' म्हटलं. वहीत लाल शाईने दुरुस्ती करतात तसं. ओरडलो कधीच नाही, ते मी मुद्दाम सांगतो, कारण बरीच वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. मुलगी झाल्यावर तर कारणच मिळालं. मुलीच्या कानावर शुद्ध मराठी पडलं पाहिजे!

चार-पाच वर्षांत 'शे' घरातून गेलं. निदान मला तसं वाटलं. पुढे घरात मोबाइल आल्यावर एक दिवस शाळा लवकर सुटली म्हणून दुपारीच घरी आलो, तर गच्चीवरून बोलण्याचा आवाज येत होता. बायको धुळ्याला राहणाऱ्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होती. सगळं अहिराणीत, आणि इतक्या भरभर की मला निम्मं कळलं नाही. मध्येच ती हसली. असं पोटातून आलेलं हसणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. मी जिन्यात उभा राहिलो आणि आवाज न करता खाली आलो. मला राग आला होता, हे मला आजही आठवतं.

मेहुणीचं आणि माझं बिनसलं ते मुलीच्या लग्नात. व्याही पुण्याचे. मेहुणी दारात उभी राहून सगळ्यांना तोंड भरून म्हणत होती, "या, बठा, जेवन करी ल्या." व्याह्यांच्या कुणीतरी बाईने गालातल्या गालात हसल्यासारखं केलं, आणि मी चारचौघांत मेहुणीला म्हटलं, "जरा नीट बोला ना, पाहुणे बाहेरचे आहेत." तिने लग्न पार पडेपर्यंत पडेल ते काम केलं, आणि त्यानंतर तिने आमच्या घरात पाऊल ठेवलं नाही. तिथे आपलं बोलणं चालत नाही, असं ती नातेवाइकांत म्हणाल्याचं कानावर आलं. मी म्हटलं, नसेल यायचं तर नको येऊ दे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बायकोला लकवा झाला. सकाळी ओट्याशी उभी होती, हातातला झारा पडला, आणि झाऱ्यामागून ती. उजवी बाजू गेली. दवाखान्यात बारा दिवस काढले. मेहुणी येऊन काचेबाहेरून बघून गेली, तेव्हा बायको शुद्धीवर नव्हती. घरी आणताना डॉक्टर म्हणाले, "सर, त्यांना बरंचसं समजेल, पण बोलता येणार नाही. मेंदूतला बोलण्याचा भागच गेला आहे. एखादा शब्द राहतो कधीकधी. कोणता राहील ते सांगता येत नाही."

तिच्यात एकच शब्द राहिला. घरी आल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी मी तिचं तोंड पुसत होतो, तेव्हा तिने माझ्याकडे बघून स्पष्ट म्हटलं, "शे."

तीस वर्षांत मी शिकवलेलं एकूण एक मराठी वाहून गेलं होतं. मुलीचं नाव गेलं, माझ्यासाठीचं 'अहो' गेलं, देवाचं नाव गेलं. जे मी खोडलं होतं तेवढंच शाबूत राहिलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी शरमच वाटली.

त्या शब्दाचा अर्थ मी मास्तरासारखाच लावला. शे म्हणजे आहे, आहे म्हणजे हो. मग मी विचारायचो, "पाणी?" ती म्हणायची, "शे." मी पाणी द्यायचो. "दुखतंय?" "शे." गोळी द्यायचो. "पाय दाबू?" "शे." "झोपायचंय?" "शे." पाणी पिऊन पिऊन तिचं पोट डब्ब व्हायचं. कधी ती गोळी थुंकून टाकायची, तेव्हा मी वैतागायचो की आत्ताच तर हो म्हणाली होती! मी एक वही केली, तिने कशाला हो म्हटलं त्याची. महिनाभरात वही भरली आणि माझ्या लक्षात आलं की ती कशालाच नाही म्हणालेली नाही. मी न विचारताही ती म्हणायची. मी स्वयंपाकघरात असलो की आतून आवाज यायचा, "शे?" मी धावत जायचो, पाणी, गोळी, भांडं, सगळं पुढे करून बघायचो. ती मान फिरवायची. परत आलो की पुन्हा, "शे?"

एप्रिलमधल्या एका दुपारी माझा तोल गेला. उन्हाने घर तापलं होतं, मी भात लावला होता तो करपला, आणि आतून पाचव्यांदा तेच. मी तिच्या पलंगापाशी जाऊन ओरडलो, "आहे म्हण! आहे!" ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ओठ उघडले. तिला खरोखर ते म्हणायचं होतं. तोंड उघडून 'आ' करण्यासाठी तिने जीव लावला, मान ताणली, मानेवरच्या शिरा टरारल्या, आणि उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. मी ती पुसली. लेखणी हातात धरल्यापासून मी जे काही लाल केलं, त्यातलं हे सर्वांत वाईट.

वाचा-उपचाराला एक बाई आठवड्यातून एकदा येत. त्या म्हणाल्या, "संगीत ऐकवत जा, सर. पण संथ. गोंगाट नको." मे महिन्यात मुलगी पंधरा दिवस राहायला आली होती. तिने आईच्या उशाशी फोन ठेवला आणि काहीतरी लावलं. मी चहा घेऊन आलो तर पडद्यावर एक माणूस, एक खुर्ची आणि एक गिटार. दुसरं काहीच नाही. गाणं नाही, तबला नाही. त्याने एक तार छेडली आणि थांबला. मला वाटलं, फोन अडकला. मग त्याने दुसरी छेडली. पुन्हा थांबला. मी म्हटलं, "याला पुढचं आठवत नाही का?" मुलगी म्हणाली, "बाबा, बसा जरा. ऐका."

मी बसलो. चहा निवला. तो माणूस चार-पाच सुरांपलीकडे जात नव्हता. तेच सूर, तोच क्रम, मध्येच एखादा किंचित उशिरा. उत्तरपत्रिकेतली कोरी जागा बघून मार्क कापण्यात माझं आयुष्य गेलं. कोरी जागा म्हणजे पोराला येत नाही, इतकं साधं होतं ते. हा माणूस कोऱ्या जागेसाठीच वाजवत होता. एक सूर सोडायचा आणि तो लांब जाताना बघत राहायचं, धुळ्याची बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पोहोचवायला आलेला माणूस उभा राहतो तसं. मला त्या वीस मिनिटांत तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. कशाला हो, कशाला नाही, काही ठरवायचं नव्हतं. कोणी काही मागत नव्हतं. बायकोनेही मान तिकडे वळवली होती.

कपाटावर मुलीची जुनी गिटार होती. कॉलेजात असताना दोन महिने वाजवून तिने ती वर टाकली होती. मी ती खाली काढली, धूळ पुसली आणि बासष्टाव्या वर्षी क्लास लावला. शिकवणारा पन्नाशीचा गृहस्थ होता. त्याने धुळ्याच्या एका बँजो पार्टीत वीस वर्षं वरातीत वाजवलं होतं, भोंग्यांच्या गाडीपुढे चालत. त्याच्या उजव्या कानात आता कायम शिट्टी वाजते. त्याने ते सगळं सोडलं, एका मोबाइलच्या दुकानावर खोली घेतली आणि तिथे तो असलंच थोड्या सुरांचं संथ वाजवणं शिकवायचा. शिकायला माझ्यासकट तिघेच होतो. बाकीच्यांना लग्नातली गाणी हवी असत, त्यांना तो सरळ परत पाठवी.

तो मला म्हणायचा, "सर, तुम्ही सुराला मरू देत नाही. एक छेडला की लगेच दुसऱ्याकडे पळता. त्याला पुरता मरू द्या. मग दुसरा." मला ते जमायचं नाही. मास्तर माणूस, वर्गात शांतता झाली की लगेच काहीतरी बोलणारा. तो माझ्या मनगटावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "अजून आहे. अजून आहे. आता गेला." वीस वर्षं इतक्या आवाजात काढलेल्या माणसाला एवढं बारीक कसं ऐकू येतं, याचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाला, "शिट्टीच्या पलीकडचं ऐकायचं म्हटलं की कान देऊनच बसावं लागतं."

मी रोज दुपारी जेवण आटोपल्यावर बायकोजवळ बसून वाजवू लागलो. एकच धून, चार सुरांची. बोटांच्या टोकांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. वाजवून झालं की मी विचारायचो, "आवडलं?" ती म्हणायची, "शे." मी खूश! मुलीला फोनवर सांगायचो, आईला माझं वाजवणं आवडतं. ज्या बाईने कशालाही शे म्हटलं असतं, तिच्याकडून मी दाद घेत होतो. कधीकधी वाजवण्याच्या मध्येच ती म्हणायची, "शे?" मग मी डोळे न उघडता तिच्या दिशेने मान हलवायचो. म्हणजे ऐकतोय, पण आता नको, सूर चालू आहे.

डिसेंबरात, कुणाला न विचारता, मुलीने मावशीला फोन केला आणि मेहुणी आली. हातात ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची, पिशवी आणि एक डबा. दारात तिने मला विचारलं, "कशी आहे अक्का?" एकेक अक्षर जपून. बसमध्ये बसून तिने ते वाक्य घोकलं असणार. मला कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

ती आत गेली, बहिणीच्या केसांवरून हात फिरवला, थोडं रडली, डोळे पुसले. मग बायकांना हात रिकामे ठेवता येत नाहीत, तशी पलंगाशेजारी जमिनीवर मेथी निवडायला बसली. मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. थोड्या वेळाने पलंगावरून आवाज आला, "शे?"

मी पाण्याचा पेला घ्यायला उठलो. मेहुणी मेथीवरून नजर न काढता म्हणाली, "शे."

बायकोने डोळे मिटले. चेहरा असा सैल पडला की मी घाबरून जवळ गेलो. झोप लागत होती तिला. गोळीशिवाय, भर दुपारी. पाच-सात मिनिटांनी डोळे न उघडता तिने पुन्हा विचारलं, "शे?" मेहुणी म्हणाली, "शे." संपलं. पुढे काही नाही.

मी म्हटलं, "ती पाणी मागतेय बहुतेक."

मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. ती प्रमाण मराठीत काहीतरी जुळवायला लागली, मग तिने तो नाद सोडला. "नही, दाजी. पानी नही मांगी राहिनी ती. ती इचारी राहिनी, आठे कोनी शे का."

मग तिने सांगितलं. लहानपणी दोघी बापाच्या मळ्यात कपाशी वेचायला जायच्या. कपाशी पोरींच्या डोक्यावरून वर गेलेली. शेजारशेजारच्या ओळींत असूनही एकमेकी दिसायच्या नाहीत. तेव्हा थोड्या थोड्या वेळाने एकीने विचारायचं, शे? दुसरीने म्हणायचं, शे. हात थांबवायचा नाही, वर बघायचं नाही. तेवढ्यावर दिवस जायचा. "एकदाव मी बोलनूच नही, मस्करीमा," मेहुणी म्हणाली, "तं ती रडत रडत बठ्ठं वावर धुंडी उनी."

एवढं बोलून ती पुन्हा मेथी निवडायला लागली. दहा महिने माझी बायको दिवसातून पन्नास वेळा मला विचारत होती, तू आहेस का? आणि मी तिला पाणी पाजत होतो. आयुष्यभर पोरांना विरामचिन्हं शिकवली. तिच्या शब्दापुढचं प्रश्नचिन्ह मला ऐकू आलं नाही. 'आहे' एवढं उत्तर द्यायचं होतं, तेही तिच्या शब्दात, आणि तो शब्द या घरात मीच बंद केला होता.

मेहुणी चार दिवस राहून धुळ्याला गेली. ती गेल्यावर बायकोने विचारलं, "शे?" आणि मी पहिल्यांदा म्हटलं, "शे." माझ्या तोंडून तो शब्द परीक्षेतल्या उत्तरासारखा आला. तिने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं. तिला ते माझ्याकडून नको होतं, किंवा खरं वाटत नव्हतं. मी रोज म्हणत राहिलो. स्वयंपाकघरातून, न्हाणीतून, अंगणातून कपडे वाळत घालताना. आठ दिवसांनी केव्हातरी तिने विचारलं, मी पोळी लाटता लाटता म्हटलं, "शे," आणि आतून पुढे काही आलं नाही. डोकावून पाहिलं तर ती शांत पडून खिडकीबाहेर बघत होती. मी लाटणं हातात घेऊन तिथेच रडलो.

मग जवळजवळ तीन आठवडे आमचं घर त्या एका शब्दावर छान चाललं. आमच्या संसारात आम्ही इतकं नीट कधी बोललो नव्हतो. फक्त गिटारची पंचाईत झाली. ती मध्येच विचारायची, मी मध्येच उत्तर द्यायचो आणि सूर मोडायचा. क्लासमधल्या गृहस्थाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मोडू द्या हो, सर. सूर काय, पुन्हा छेडता येतो." मी हो हो म्हटलं. पण मनात खंत होती. माझी धून एकदाही सलग, सगळे सूर पुरते मरू देऊन, झाली नव्हती. एकदा तरी व्हावी, असं वाटायचं.

तो जानेवारीतला दिवस होता. दुपारचे अडीच वाजले असतील. थंडी होती, त्यामुळे पंखा नव्हता. खिडकी लावलेली, मंगल कार्यालयात काही नव्हतं, गल्लीत चिटपाखरू नाही. आदल्याच दिवशी नव्या तारा बसवल्या होत्या. मी जाड तार छेडली आणि असा सूर लागला की माझ्याच अंगावर काटा आला. मी डोळे मिटले. पहिला सूर पुरता गेला. दुसरा छेडला. तो अर्ध्यावर असताना ती म्हणाली, "शे?"

मी ऐकलं. खोटं कशाला बोलू? नीट ऐकलं. मनात आलं, हा एवढा होऊ दे. दुसरा सूर संपला. तेव्हा म्हणता आलं असतं, पण धून इतकी छान चालली होती. तिसरा छेडला. तिने पुन्हा विचारलं, जरा हळू. मी चौथा छेडला आणि तोही शेवटपर्यंत जाऊ दिला, अगदी आहे की नाही कळेनासा होईपर्यंत. अजून आहे, अजून आहे, आता गेला. मग डोळे उघडून म्हटलं, "शे."

तिची मान दाराकडे वळलेली होती. डोळे उघडे होते. मी पुन्हा म्हटलं, मग मोठ्याने म्हटलं, मग तिचा खांदा धरून म्हटलं. लहानपणी उत्तर आलं नाही, तेव्हा ती रडत रडत सगळं वावर शोधत फिरली होती. त्या दिवशी तिला पलंगावरून उठता येत नव्हतं.

डॉक्टर आले, म्हणाले, दुसरा झटका, कोणाच्या हातात काही नव्हतं. तुम्ही जवळच होतात ना, मग झालं. मी मान हलवली.

मेहुणी आली, तेरावं होईपर्यंत राहिली. दारावर बसायला येणाऱ्यांशी ती मोकळेपणाने तिच्या बोलीत बोलत होती, आणि मीही जमेल तसं बोलत होतो. निघायच्या दिवशी पिशवी भरून झाल्यावर तिने विचारलं, "दाजी, शेवटले काय बोलनी ती?"

"शे, म्हणाली."

"आनि तुम्ही? तुम्ही बोलनात ना?"

"हो," मी म्हटलं. "बोललो."

तिने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, मग बरं झालं, अक्का एकटी नही गयी. मी तिला बस स्टँडवर सोडायला गेलो. धुळ्याची बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत थांबलो आणि परत आलो.

क्लासमधल्या गृहस्थाचे फोन येतात. मी पुन्हा जायला लागलो आहे, कारण दुपार कशीतरी काढावी लागते. तेच चार सूर वाजवतो. तो अजून म्हणतो, सर, सुराला मरू द्या, घाई नको. त्याला काय सांगू? मी तार छेडतो आणि लगेच तिच्यावर तळहात ठेवतो. आतून कोणी विचारलं तर ऐकू यायला हवं.